मास्तरणीच्या गच्चीवरची वीज

मास्तरीण कधी शाळेत शिकवायला गेली नाही. कापड बेतणाऱ्या पुरुषाला मास्तर म्हणतात, म्हणून ही मास्तरीण. घराच्या वरच्या मजल्यावर तिचं शिवणकाम चालायचं. लांबट खोली, भिंतीला लागून मोटार लावलेल्या मशिनींची रांग, मधोमध बेतायचं टेबल, कोपऱ्यात इस्त्री. शाळांचे, दवाखान्यांचे, हॉटेलातल्या नोकरांचे गणवेश आम्ही शिवायचो. मी काजं-बटणं करायची, त्यामुळे माझं नाव काजवाली पडलं ते पडलंच. हल्ली माझा नवरासुद्धा रागात असला की त्याच नावाने हाक मारतो.

खालच्या मजल्यावर तिचा नवरा राहायचा. गोदामात हमालांवर मुकादम होता आणि घरी आल्यावरही मुकादमी उतरायची नाही. दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण लोक पहिलं तेच विचारतात. जे करायचा ते शुद्धीत, अंघोळ करून, जेवून करायचा.

दोघांची चूल वेगळी झाली होती. कोर्टाने वाटणी करून दिली होती: खालचा मजला त्याचा, वरचा मजला आणि गच्ची तिची. पण जिना एकच, आणि विजेचा मीटर एकच. तो खाली, मुकादमाच्या पलंगाच्या उशाशी. मेन स्विचही तिथेच. वेगळ्या मीटरसाठी तिने खटपट केली, पण तार जाणार त्याच्याच भिंतीवरून. वीज कंपनीचा माणूस आला की मुकादम दारात उभा राहायचा, आणि तो माणूस आल्या पावली परत जायचा.

लोकांना वाटायचं, वेगळी राहते म्हणजे सुटली. कसली सुटते! काम ऐन रंगात आलं की खालून खट्‌ असा आवाज यायचा आणि सगळ्या मशिनी एकदम गप्प व्हायच्या. सुई कापडात अर्धी रुतलेली, पाय पायडलवर, आणि आम्ही सगळ्या बायका तशाच बसलेल्या. कारण स्विच चालू करून घ्यायचा तर कुणीतरी खाली जायला हवं, आणि तो फक्त तिलाच आत घ्यायचा. ती जायची. वीज यायची. थोड्या वेळाने ती वर यायची तेव्हा कधी गालावर बोटं उठलेली, कधी ओठ फाटलेला. ती टेबलापाशी उभी राहून पुन्हा खडूने रेघा मारायला लागायची, आणि आम्ही मान खाली घालून मशिनी चालवायचो.

ती गरीब गाय होती असं मात्र नाही. एकदा त्याने वर येऊन तयार कपड्यांचा गठ्ठा पायाखाली तुडवला, तेव्हा तिने तापलेली इस्त्री त्याच्या अंगावर फेकली. त्याच्या खांद्यावर इस्त्रीच्या टोकाचा डाग कायमचा राहिला. त्याच्या बदल्यात त्याने तिचं डावं मनगट दारात चेपलं. ते हाड वाकडंच जुळलं. नंतर ती कात्री उजव्या हाताने चालवायची आणि कापड डाव्या कोपराने दाबून धरायची.

एका दवाखान्याच्या गणवेशाचं मोठं काम आलं होतं. ते वेळेवर द्यायचं होतं, आणि हे मुकादमाला कळलं होतं. त्याने रोज दुपारी जेवायला घरी येऊन वीज तोडायला सुरुवात केली. त्या आठवड्यात ती शेवटची खाली गेली तेव्हा आम्हाला धप्प असा आवाज आला, मग पुन्हा तसाच. त्याने तिचं डोकं मीटरच्या लोखंडी पेटीवर आपटलं होतं. ती वर आली ती कान दाबून. बोटांच्या फटीतून रक्त मनगटापर्यंत आलं होतं. त्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

मी पांढऱ्या कापडाची पट्टी फाडून तिच्या डोक्याला बांधली. ती खिडकीकडे बघत होती. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं.

"काजवाली," ती म्हणाली, "वीज खालनंच यायला हवी असं कुठं आहे? आपण वरनं आणू."

मला वाटलं, डोक्याला मार लागलाय, बरळते आहे. पण ती कात्रीच्या टोकाने गच्चीकडे दाखवत होती.

तिची लेक रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला होती आणि तिकडेच खोली घेऊन राहायची. पट्टी बघायला म्हणून ती आली आणि गच्चीवर सोलर पॅनेलं बसवायची गोष्ट ऐकून भडकली.

"आई, माझ्याकडे चल. आत्ता. पिशवी भर."

"मशिनी तुझ्या खोलीत मावतील?"

"मशिनी गेल्या खड्ड्यात! तो तुझं डोकं फोडतोय आणि तू गच्चीवर काचा बसवायच्या म्हणतेस?"

"गच्ची माझी आहे. मी का जाऊ?"

"त्या गच्चीपायी एक दिवस मरशील. आणि खरं सांगू? तुला त्याला जिंकायचंय, सुटायचं नाहीये."

मास्तरणीने लेकीच्या थोबाडीत मारली. एवढ्या वर्षांत तिने पोरीला कधी बोट लावलं नव्हतं. लेक गाल धरून उभी राहिली, आईच्या हाताकडे बघत. मग पर्स उचलून निघून गेली. कितीतरी दिवस तिचा फोन आला नाही.

पॅनेल बघायला मास्तरीण मला बरोबर घेऊन गेली, कारण दुकानदार कुठल्या बाजूने बोलेल ते सांगता येत नव्हतं आणि तिला आता एकाच कानाचा भरवसा होता. पहिलं दुकान गुळगुळीत फरशीचं, थंडगार. टाय लावलेल्या एका मुलाने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि साहेब येणार आहेत का म्हणून विचारलं.

"साहेबांनाच घरी ठेवून आले," मास्तरीण म्हणाली.

त्याने चित्रं दाखवली. दिवसा तयार झालेली वीज आपण वापरायची, उरलेली तारेवरून कंपनीला द्यायची, बिल जवळजवळ शून्यावर. बॅटरीची भानगड नाही, म्हणून स्वस्त. बोलणं गोड होतं. मास्तरणीने सगळं ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "खाली कुणी मेन स्विच पाडला तर?"

"कोण पाडेल, मॅडम?"

"माझा नवरा पाडेल."

त्याने तिच्या डोक्याच्या पट्टीकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला, आणि तो सरळ बोलायला लागला. "मग हेही बंद पडेल, मॅडम. बाहेरची लाइन गेली की हे आपोआप थांबतं. खांबावर कुणी काम करत असेल तर त्याला झटका बसू नये म्हणून तशी सोयच केलेली असते."

"म्हणजे ऊन माझं आणि स्विच त्याचाच," ती म्हणाली आणि उठली.

दुसरं दुकान म्हणजे रस्त्याकडेची शेड. पॅनेलं एकावर एक रचून ठेवलेली, आणि दुकानदार प्रत्येक वाक्याला शपथ घेणारा. मास्तरणीने एक पॅनेल उन्हात तिरकं धरायला लावलं. काचेखालच्या काळ्या चौकोनांवरून गोगलगाय गेल्यासारख्या बारीक रेघा होत्या.

"ह्या कसल्या?"

"नक्षी आहे ती, ताई."

"नक्षी मी कापडावर बघते," ती म्हणाली. आम्ही तिथून निघालो.

तिसरा माणूस लेकीच्या लॅबच्या बोळातला वायरमन. सगळे त्याला वायरकाका म्हणायचे. पोट सुटलेला, भुवया पिकलेल्या, पंख्यापासून पंपापर्यंत सगळं दुरुस्त करणारा. त्याने पॅनेलचा भाव सांगायलाच नकार दिला. "आधी गच्ची दाखवा. सोयरीक जुळवताना आधी घर बघतात, मग मुलगी."

गच्चीवर त्याने बराच वेळ नुसत्या सावल्या बघितल्या. पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर कुठे सरकते, तिथे खडूने खूण केली. एका पॅनेलवर सावली पडली की त्याच ओळीतली बाकीचीही ढेपाळतात, म्हणून टाकीपासून लांब, उतरती, दोन ओळींत लावायची. बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर तिच्याच खोलीत, कुलपाच्या आत. खालच्या तारेशी काडीचाही संबंध ठेवायचा नाही. इस्त्री फार वीज खाते, म्हणून ती फक्त भर उन्हात. आणि एक गोष्ट त्याने दोनदा बजावली: ऊन आहे तोवर ह्या पॅनेलांना बंद करायचं बटण नसतं. फुटलं, तुटलं तरी ती वीज करतच राहतात. हात लावायचा नाही.

तो उतरत असताना मुकादम कामावरून परतला. जिन्यातच गाठ पडली.

"माझ्या घरावर कुणाला विचारून चढलास?"

वायरकाकाने तोंड उघडायच्या आत मुकादमाने त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. मोजायची टेप हिसकावून रस्त्यावर भिरकावली. मग एक ठोसा. आम्ही वरून धावलो तोवर काका पायरीवर बसले होते आणि हनुवटीवरून रक्त गळत होतं. मास्तरीण बेतायची मोठी कात्री घेऊन उतरली. कात्री खाली धरून ती दोन पायऱ्या वर उभी राहिली. मुकादमाने कात्रीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, हसला, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

रस्त्यावर काकांनी थुंकून रक्त बाहेर टाकलं, टेप शोधली, ती नीट गुंडाळली.

"राहू द्या काका," मास्तरीण म्हणाली. "तुम्हाला नको हा त्रास."

"बाई, काम मी करणार. फक्त तो गोदामावर गेला की फोन करा. माझे अजून दोनच दात हलायला लागलेत, बाकीचे जपायचेत."

पैशांचं मास्तरणीने तिचं तिने पाहिलं. पॅनेलं आली ती मुकादम कामावर असताना. काकांच्या दोघा माणसांनी दोरीने ती मागच्या बाजूने वर ओढली. आम्ही बायकांनी शिवणकाम सोडून दोऱ्या धरल्या. संध्याकाळी मुकादम आला तेव्हा गच्चीच्या कठड्यावरून काळी किनार दिसत होती. तो रस्त्यात उभा राहून वर बघत राहिला. मग आत गेला, आणि खट्‌.

मशिनी चालूच राहिल्या.

पुन्हा खट्‌. मग खट्‌ खट्‌ खट्‌, वेड लागल्यासारखं. आमच्यातल्या एकीला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. मास्तरीण हसली नाही. तिने दाराची कडी बघितली, टेबल ओढून दाराला लावलं. तो वर आलाच. लाथा घातल्या, खांद्याने धडका दिल्या, दाराची फळी तडकली. आम्ही सगळ्यांनी टेबलाला पाठ लावून जोर धरला. प्रत्येक धडक माझ्या दातांत जाणवत होती. शेवटी तो दमला आणि दारापलीकडून अगदी शांत आवाजात म्हणाला, "बघतो किती दिवस ऊन पडतं."

काही दिवस त्याने काहीच केलं नाही. तो नुसता जिन्यात भेटायचा आणि बाजूला सरकून वाट द्यायचा. मास्तरणीला त्याचीच जास्त भीती वाटत होती. तिने गच्चीच्या दाराला कुलूप घातलं. तिचा अंदाज बरोबर होता, कुलूप मात्र तकलादू होतं.

त्या दिवशी दुपारी तो कामावर गेलाच नव्हता. आम्ही जेवून नुकत्याच कामाला बसलो होतो. आधी कुलूप तुटल्याचा आवाज आला. मग वर धाडकन काहीतरी पडलं आणि काच फुटली. मास्तरीण उठली आणि धावली. मी तिच्या मागे.

टाकी भरून वाहत होती, सगळी गच्ची ओली. मुकादम अनवाणी उभा होता, हातात गोदामातली लोखंडी पहार. एक पॅनेल त्याने आधीच फोडलं होतं. त्याची काच खाली पडली नव्हती, कोळ्याचं जाळं झालं होतं. तो दुसऱ्यावर घाव घालत होता. प्रत्येक घावाला त्याच्या तोंडून शिवी येत होती, आणि सगळ्या तिच्या नावाच्या.

"बाजूला हो!" ती ओरडली. "त्यात वीज आहे! मरशील!"

"तुझी वीज मला मारणार?" तो म्हणाला. त्याने पहार उभी धरली आणि सगळा भार टाकून खुपसली.

पहार काच फोडून आत गेली आणि तिथेच अडकली. चर्र असा आवाज झाला, निळसर उजेड दिसला. मुकादमाची शिवी अर्ध्यात तुटली. त्याचे हात पहारीवर आवळले गेले, मान ताठ झाली, दात दिसायला लागले. त्याला सोडता येत नव्हतं. जळक्या कातडीचा वास आला. ऊन तर असं कडकडीत की डोळे उघडवत नव्हते.

मास्तरीण उभी होती. मी तिचा चेहरा पाहिला, आणि जे दिसलं ते सांगते: ती घाबरलेली नव्हती. ती बघत होती. कापड धुतल्यावर किती आटतं ते बघावं तसं.

"बाई!" मी किंचाळले. "बाई, मरतोय तो!"

तेव्हा ती हलली. कपडे वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून एक बांबू लावलेला होता. तिने तो उपसला, रबरी चपला घातलेले पाय फाकवून उभी राहिली आणि त्याच्या मनगटांवर जोरात हाणला. सुटला नाही. पुन्हा हाणला. तो पहारीवरून सुटून पाठीवर कोसळला, आणि छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. जिवंत होता.

आणि ती थांबली नाही. बांबू पुन्हा वर गेला. खांद्यावर, बरगड्यांवर, मांडीवर. तो हात वर करत होता, ती हातांवर मारत होती. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी मागून तिच्या कमरेला मिठी मारली, तर तिचं कोपर माझ्या तोंडावर बसलं आणि माझा ओठ फुटला. तरी मी सोडलं नाही. बांबू उभा चिरला तेव्हाच ती थांबली. मग ओल्या गच्चीवर बसून तिने भडाभडा उलटी केली.

दवाखान्यात मुकादमाच्या उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. पोलीस चौकीत मास्तरणीसमोर जो हवालदार बसला होता, तो तसा भला माणूस होता. त्याने तिचा वाकडा हात पाहिला, कानाची हकीकत ऐकली, आणि लिहिताना म्हणाला, "म्हणजे त्याला विजेपासून सोडवायला तुम्ही मारलं. असंच ना?"

लेक तिच्या शेजारी बसली होती. मीच तिला बोलावलं होतं. तिने आईचा हात दाबला.

"पहिले दोन फटके सोडवायला," मास्तरीण म्हणाली. "बाकीचे माझे."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "बाई, असं लिहू?"

"जे झालं ते लिहा."

तिच्यावरही केस झाली. पण गंमत अशी, की मुकादमाने जबानीत बांबूचं नावच काढलं नाही. गच्चीवर घसरलो, विजेचा झटका बसला, एवढंच तो सांगत राहिला. बायकोने मारलं असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. ती मारल्याचं कबूल करते आणि हा मार खाल्ल्याचं नाकारतो! शेवटी तिच्यावरचं प्रकरण मिटलं. कुलूप तोडून गच्चीवर तोडफोड केल्याबद्दल त्याला मात्र कोर्टाने त्या घराचा उंबरा चढायची मनाई केली. तो गावाबाहेर त्याच्या बहिणीकडे राहायला गेला. खालच्या मजल्याला कुलूप आहे.

चौकीतून परतताना रिक्षात लेकीने विचारलं होतं, "तो मेला असता तर?"

"तर मी आत गेले असते." मग रिक्षाबाहेर बघत मास्तरीण म्हणाली, "त्या दिवशी तुला मारायला नको होतं."

"हो. नको होतं," लेक म्हणाली. आईला माफ केलं असं ती म्हणाली नाही, पण दर रविवारी येते. आल्यावर आधी आईचा चांगला कान तपासते.

वायरकाकांनी ऊन लागू नये म्हणून गोणपाट टाकून फुटकी पॅनेलं उतरवली आणि तशीच नवी बसवली. मास्तरणीने या वेळी गच्चीला लोखंडी दार करून घेतलं. काम चालू राहिलं, वाढलंही.

पण माणूस घरातून गेला म्हणजे सगळं गेलं असं होत नाही. मध्यंतरी एक नवी बाई कामाला लागली. हात चलाख, पण लक्ष इकडेतिकडे. माल न्यायला टेम्पो येणार त्या दिवशी तिने शर्टांच्या कॉलरी उलट्या लावल्याचं निघालं. एक नाही, सगळा गठ्ठा. मास्तरणीने एक शर्ट उचलला, उलटा केला, सुलटा केला, आणि तिचा हात वर गेला.

नवी बाई खुर्चीतच वाकली. दोन्ही कोपरं डोक्यावर घेऊन, हनुवटी छातीत. ज्याला माराची सवय आहे तोच माणूस एवढं झटकन असं वाकतं. खोलीतली एकेक मशीन थांबत गेली.

मास्तरणीचा हात तसाच हवेत होता. तिने तो हळूहळू खाली घेतला, टेबलाची कड धरली. मी पाणी दिलं ते तिने घेतलं नाही. ती नव्या बाईसमोर खुर्ची ओढून बसली, कोपरं खाली येईपर्यंत थांबली.

"ऐक," ती म्हणाली. "मी पुन्हा कधी हात उचलला तर जागची उठायचं आणि घरी जायचं. काम असेल तसं टाकून. पगार मी घरी पोचवीन. कळलं?"

त्या बाईने नुसती मान हलवली.

"आणि तुम्ही सगळ्यांनी," मास्तरीण आमच्याकडे वळून म्हणाली, "तिला जाऊ द्यायचं. मला धरायचं."

मी म्हटलं, "धरू. पण कोपर जरा जपून, बाई."

तिने माझ्या ओठावरच्या खुणेकडे पाहिलं. मग गठ्ठ्यातले शर्ट सगळ्यांना वाटले, आणि आम्ही कॉलरी उसवायला बसलो.